समुद्राकाठच्या घराच्या खिडक्या: दुरुस्ती करावी की नव्याच बसवाव्यात?

खाडीपलीकडे:
घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर कौलं. पश्चिमेला ५ फूट × ४ फूट मापाच्या तीन ॲल्युमिनियम सरकत्या खिडक्या आहेत, पाऊण इंची सेक्शन (चौकटीच्या पट्ट्या), ४ मिमी साधी काच, बाहेरून लोखंडी ग्रिल. पावसाचा जोर आणि वारा एकदम आला की खालच्या ट्रॅकवरून पाणी उसळून आत येतं. बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारून घेतलं, तरी फरक नाही. बेअरिंग गंजून अडकली आहेत. उत्तरेला फणसाच्या लाकडाची जुनी दोन झडपांची खिडकी आहे, तिची खालची आडवी पट्टी कुजली आहे. काय दुरुस्त करावं, काय बदलावं? दुपारच्या उन्हाचंही काही करता येईल का?

सेक्शनवाला:
आधी पाणी का येतं ते बघा, कारण इथे सिलिकॉनचा दोष नाही. वारा काचेवर दाबतो तसाच ट्रॅकमध्ये साचलेल्या पाण्यावरही दाबतो आणि ते आतल्या बाजूला वर चढवतो. ताशी ६० किमीच्या झोताला साधारण १७ मिमी, ८० किमीला ३० मिमी, १२० किमीला ६८ मिमी. तुमच्या सेक्शनमध्ये ट्रॅकची आतली उभी पट्टी फार तर २५-३० मिमी असेल. म्हणजे आषाढातल्या नेहमीच्या पावसाला खिडकी तग धरते, पण ३ जून २०२० ला तुमच्याच भागात आलेल्या निसर्गसारख्या वादळात पाणी पट्टी ओलांडणारच. सरकत्या खिडकीची ही मर्यादा कुठल्याही सीलंटने जात नाही.

शिवाय बाहेरून सिलिकॉन मारताना ट्रॅकची पाणी जाण्याची भोकं बुजली असणार. हे सर्रास होतं. ती आधी मोकळी करा. प्रत्येक टोकापासून साधारण १५० मिमीवर एक, अशी किमान दोन भोकं हवीत, ५ मिमी उंच आणि २५ मिमी लांब. त्यांवर बाहेरून प्लास्टिकची उघडझाप करणारी टोपी बसवा, म्हणजे वारा उलटा आत शिरत नाही.

मग चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे तपासा. भोकांवर आतून टेप लावा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर पाणी कोपऱ्याच्या सांध्यातून भिंतीत मुरतंय. ट्रॅक पूर्ण कोरडा करून सांधा आतूनच सील करा. झडपेच्या कडेची ब्रशची पट्टी झिजली असेल तर बदला. बेअरिंग नायलॉनच्या चाकाची आणि स्टेनलेस पिनची घ्या. झडपेच्या वर, ट्रॅकमध्ये २-३ मिमी फट ठेवून अडकण ठोका, कारण वाऱ्याची ओढ उलटी झाली की सरकती झडप उचलून ट्रॅकबाहेर निघते.

एवढं करून पश्चिमेच्या खिडक्या अजून दोन-तीन पावसाळे काढतील. पण पैसे घालायचे असतील तर तिथे बाहेर उघडणाऱ्या बिजागरीच्या खिडक्याच घ्या. त्यांत वारा झडपेला रबरावर दाबून बसवतो, म्हणजे जोर वाढेल तशी फट मिटते. दुहेरी ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं) रबर आणि तीन ठिकाणी अडकणारं लॉक मागा. ग्रिल मात्र आतल्या बाजूला घ्यावं लागेल, त्यात हात जाईल इतकी जागा हवी. मच्छरजाळी त्याच्याही आत.

जांभा-चुना:
वरच्यात भर घालतो. खिडकी उत्तम आणि पकड भुसभुशीत, असं चिऱ्याच्या घरात नेहमी होतं. भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाला तुमच्या २० चौरस फुटांच्या खिडकीवर जवळजवळ २२० किलोचा दाब येतो, तोही एकदा ढकलणारा, एकदा ओढणारा. चिऱ्यात प्लास्टिकच्या गट्टीत बसवलेला स्क्रू असे हिसके सोसत नाही. भोक हळूहळू रुंद होतं.

म्हणून जुनी चौकट काढली की स्क्रूच्या जागी चिरा सुमारे ६ इंच खोल कोरा, धूळ पाण्याने धुऊन टाका आणि १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाच्या काँक्रीटचे ठोकळे भरा. निदान सात दिवस पाणी मारा. भोक त्यानंतरच पाडा. स्क्रू कोपऱ्यापासून १५० मिमीवर आणि मग दर ४५० मिमीला. स्टेनलेस ३१६ प्रतीचा घ्या. ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग धरतात, आणि साधा जस्ताचा मुलामा तर दोन-तीन पावसांत संपतो.

खिडकीखालची बाहेरची लादी २० मिमी पुढे काढा, उतार बाहेरच्या बाजूला १० टक्के, आणि पुढे काढलेल्या भागाच्या खालून १० मिमीची खाच पाडा, नाहीतर थेंब लादीच्या पोटाने परत भिंतीकडे येतो. चौकट बसवण्याआधी लादीवर पातळ वॉटरप्रूफिंगचा थर द्या आणि आतल्या बाजूला तो २ इंच वर चढवा. चौकटीइतकंच हे कामही महत्त्वाचं समजा, ते चुकलं तर महागडी खिडकीही गळते.

लोखंडी ग्रिल ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका. खारं पाणी मध्ये आलं की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि ते खात जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

काचेचं काम:
समुद्राच्या बाजूला ४ मिमी साधी काच काढाच. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की सगळीच गळून पडते आणि खिडकी मोकळी होते. वादळात तेच नको, कारण आत शिरलेला वारा खालून छप्पर उचलतो. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा पातळ थर, त्यामुळे ती फुटूनही त्या थराला चिकटून राहते. ५ मिमी + १.५२ मिमी पीव्हीबी + ५ मिमी घ्या. अडीच बाय चार फुटांच्या झडपेत काचच २५ किलोची होते, तेव्हा फ्रिक्शन बिजागरी ४० किलो क्षमतेची, ३१६ स्टेनलेसची मागा.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचं हवं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते इथे वापरू नका. ते सिमेंटला नीट धरत नाही, धातू गंजवतं आणि लॅमिनेटेड काचेच्या कडा पांढरट करतं.

ऊन काचेवर पडण्याआधीच अडवा. साध्या काचेतून त्याची बहुतेक उष्णता आत येते, आतला पडदा ती खोलीतच ठेवतो. बाहेर दोन फुटी पत्र्याची उतरती झाप किंवा पावसाळ्याआधी काढता येईल असा बांबूचा चिक लावा. दुपारी तीननंतर ऊन तिरकं येतं, झाप पुरत नाही, तिथे चिकच लागतो. साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवू नका, कडा थंड आणि मधला भाग तापलेला असला की काच तडकते.

खाडीपलीकडे:
यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट चालेल का? आणि वादळाचा इशारा आला की काचेवर फुलीची टेप लावतात, त्याचा उपयोग होतो का?

सेक्शनवाला:
यूपीव्हीसी गंजत नाही, पांढरा रंग तापतो कमी. मात्र आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते काप दाखवून घ्या. उन्हाने दीड मीटरची चौकट ३ मिमीपर्यंत वाढते, म्हणून चारी बाजूंनी ५ मिमी फट सोडून फोम आणि सीलंट. भिंतीला घट्ट ठोकली तर झडप एप्रिल-मेमध्ये अडते. ॲल्युमिनियमच घेतलंत तर पावडर कोटिंग ६० मायक्रॉनच्या वर आणि कापलेल्या टोकांनाही रंग लावून घ्या, गंज तिथूनच सुरू होतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका.

टेपने काच वाचत नाही, फुटलेले तुकडे फक्त मोठे पडतात. १८ मिमी मरीन प्लायचे तुकडे खिडकीपेक्षा चहूबाजूंनी ४ इंच मोठे कापून, नंबर घालून ठेवा. भिंतीत बोल्ट आधीच काँक्रीटमध्ये पुरलेले हवेत, दर ३०० मिमीला. दाब सारखा व्हावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सगळ्या बंद.

जांभा-चुना:
फणसाची खिडकी फेकू नका, जुनं लाकूड पक्कं असतं. कुजलेला भाग सुताराकडून निरोगी लाकडापर्यंत तिरका कापून तसाच सुकलेला तुकडा तिरक्या सांध्याने, वॉटरप्रूफ गोंदाने बसवा. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकांना दोन हात अळशीचं तेल, मग प्रायमर. श्रावणात फुगलेली झडप रंधू नका, दिवाळीनंतर ती आकसते आणि बोटभर फट राहते.

कामाला दिवाळीनंतरचा काळ घ्या, एप्रिलअखेर संपवा. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. बागेच्या नळीने आधी फक्त खालच्या लादीवर पाच मिनिटं, मग दोन्ही बाजूंवर, मग वरच्या सांध्यावर. वरून सुरुवात केली तर गळती कुठून होते ते कळत नाही. आत कुणीतरी टॉर्च घेऊन कोपऱ्यांजवळ बसलेलं असू द्या.