संशोधनाच्या पेपरवर मराठीत लेख : 'धोका १८ टक्क्यांनी वाढतो' हे लिहायचं कसं?

खडूफळा
पुरवणीसाठी ६०० शब्द हवेत. विषय : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा २०१५चा निष्कर्ष. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, सलामी, बेकन) खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी जास्त. आकडा तसाच ठेवला तर लोक घाबरतील, काढला तर लेखात उरतं काय? आणि संशोधनाच्या पेपरातल्या 'सिग्निफिकंट'ला 'लक्षणीय' चालेल ना?

तिसरी घंटा
१८ टक्के कशाचे, ते आधी सांगा. ब्रिटनमध्ये १०० पैकी साधारण ६ जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. ६ चे १८ टक्के म्हणजे जेमतेम १. रोज खाणाऱ्या १०० जणांत ६ च्या जागी ७, एवढंच. भारतात मुळातलं प्रमाण बरंच कमी आहे, त्यामुळे तो ६ इथे उचलून आणू नका.

नुसतं 'दुप्पट', 'इतके टक्के' लिहिल्याने काय होतं ते १९९५ साली ब्रिटनमध्ये दिसलं. नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा सरकारी समितीचा इशारा आला. खरं तर ७००० बायकांत १ च्या २ झाल्या होत्या. अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले.

छेद मात्र लेखभर एकच ठेवा. एकदा '१००० पैकी ४' आणि पुढे '२५० पैकी १' आलं, की वाचकाला पहिला आकडा मोठा वाटतो. दोन्ही सारखेच.

उंबरठा
'लक्षणीय' अजिबात नको. मराठी वाचक त्याचा अर्थ 'मोठा' असा घेतो. संशोधनाच्या पेपरात एवढंच म्हणायचं असतं, की प्रत्यक्षात काही फरक नसता तर इतका (किंवा याहून जास्त) फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी होती. फरक चिमूटभर असला तरी हे खरं ठरू शकतं. '९५ टक्के खात्री' हा अर्थही चुकीचा.

दुसरी खोड 'मुळे'ची. 'सलामीमुळे कर्करोग' लिहिलं की कारण सिद्ध झालं. निरीक्षणाच्या अभ्यासात (लोक काय खातात आणि पुढे काय होतं ते नुसतं नोंदवतात) 'खाणाऱ्यांत जास्त आढळला' एवढंच म्हणता येतं. इथे संस्थेने सगळे पुरावे तपासून कारण मान्य केलंय, म्हणून 'मुळे' चालेल. एकट्यादुकट्या पेपरला नाही.

खडूफळा
मग मर्यादा शेवटच्या परिच्छेदात टाकतो.

तिसरी घंटा
तिथे नको. जागा कमी पडली की उपसंपादक शेपूट कापतो, आणि नेमक्या मर्यादाच जातात. अभ्यास कोणावर, किती काळ, कोणत्या देशात, हे दुसऱ्याच परिच्छेदात येऊ द्या.

उंबरठा
एक राहिलं. संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात, म्हणजे गट १ मध्ये टाकलंय. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. ते वाक्य मथळा देणाऱ्यालाही दाखवा, नाहीतर 'सलामी सिगारेटइतकीच घातक' छापून येईल.