गिटार काढून जो जॅक्सनने काय मिळवलं? (एसेन, १९८३)

काळी_पाच:
एप्रिल १९८३. जर्मनीतल्या एसेनच्या ग्रुगाहाले सभागृहात ब्रिटिश गायक-पियानोवादक जो जॅक्सन वाजला आणि डब्ल्यूडीआर या जर्मन वाहिनीच्या 'रॉकपालास्ट' या रॉक मैफलींच्या कार्यक्रमाने ती मैफल टीव्हीवर दाखवली. न्यू वेव्हवाल्यांमध्ये (पंकनंतरचा रॉक-पॉप) इतकी धाडसी टीव्ही मैफल मला दुसरी दिसत नाही. १९७९चे त्याचे दोन्ही अल्बम गिटारवर उभे होते. इथे मंचावर गिटारच नाही. जॅक्सन पियानो आणि सॅक्सोफोनवर, ग्रॅहम मेबी बासवर, लॅरी टॉलफ्री ड्रमवर, सू हाजोपुलोस तालवाद्यं आणि बासरीवर, जॉय अस्क्यू कीबोर्डवर, एड रॉइन्सडाल कीबोर्ड आणि व्हायोलिनवर. १९८१मध्ये जुन्या स्विंगचा (नाचाच्या ठेक्याचा जॅझ) अख्खा अल्बम करून बसलेला माणूस पुढच्याच वर्षी 'नाइट अँड डे' काढतो आणि तोही गिटारशिवाय. अष्टपैलू म्हणतात ते हेच.

उलटा_ठेका:
नवीन गाण्यांपुरतं मान्य. ती पियानोवरच रचलेली, त्यांना गिटार लागतच नाही. जुन्या गाण्यांचं काय? तिथे जॅक्सनच्या आधीच्या संचातल्या गॅरी सॅनफर्डची गिटार ठोक्यांच्या मधल्या जागेत तुटक वाजायची: तार छेडली की लगेच हाताने दाबायची. त्या शांततेत मेबीचा बास बोलायचा. कीबोर्डचा सूर असा तुटत नाही, शेपूट राहतेच. त्यात तीन जण एकाच सप्तकात घुसले की चिखल. पियानोवाल्याचा डावा हात खाली उतरला की साधारण ८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात बासशी टक्कर ठरलेली. उपाय सोपा आहे, डावा हात वर ठेवा नाहीतर वाजवूच नका. पण पियानोवाल्याला हे सांगणार कोण, तो मालक असताना!

तिसरी_घंटा:
तुम्ही दोघं मांडणीवर भांडताय, पण कानावर येतंय ते प्रक्षेपणाचं मिश्रण. प्रत्येक माइकची वायर फोडून एक वाट सभागृहाच्या स्पीकरकडे जाते, एक वादकांना स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरकडे, एक बाहेर उभ्या प्रक्षेपणाच्या गाडीत. गाडीतल्या माणसाला सभागृहाचा घुमारा मिळत नाही. कीबोर्ड थेट वायरने येतात, म्हणून कोरडे आणि पुढे वाटतात. ड्रम मात्र माइकमधून, हवेसकट. तोल तिथेच जातो. गायकाचा माइक जास्त दाबला (कॉम्प्रेशन: मोठा आवाज आपोआप खाली आणून लहान-मोठ्यातला फरक कमी करणं) की ओळ संपताच मागच्या झांजा फुगून वर येतात. प्रेक्षकांचे माइक ३४ मीटर मागे लावले तर आवाज १०० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ठेका दुहेरी ऐकू येतो. म्हणून ते गाणं चालू असताना खाली ओढायचे, टाळ्यांना वर. शिवाय त्या काळच्या टीव्हीचा स्पीकर एकच आणि छोटा, त्यातून बास काय कपाळ ऐकू येणार? रॉकपालास्टच्या रात्री रेडिओवरही स्टिरिओत लागायच्या त्या याचसाठी: टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि रेडिओ लावायचा.

काळी_पाच:
@उलटा_ठेका, त्याच दौऱ्यात 'इज शी रिअली गोइंग आउट विथ हिम?' हे १९७८चं गाणं तो नुसत्या आवाजांवर करायचा, वाद्यं बाजूला ठेवून. 'लाइव्ह १९८०/८६' या दुहेरी अल्बममध्ये ते सिडनीच्या मैफलीतलं आहे. शेजारीच १९८०चं बँडचं रूप आहे. लागोपाठ ऐका. चाल इतकी पक्की आहे की वाद्य काहीही द्या, उभी राहते.

उलटा_ठेका:
हा तर माझाच मुद्दा झाला की हो! कीबोर्डवर ते गाणं जमलं असतं तर वाद्यं बाजूला कशाला ठेवली असती? आणि १९८४च्या दौऱ्यात व्हिनी झुमोची गिटार संचात परत आली, तेही विसरू नका.

तिसरी_घंटा:
झुमोसोबत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनही आले, त्यामुळे 'गिटार परतली' हे अर्धंच खरं. आणि मिश्रणाचा विषय जॅक्सनला स्वतःलाच खुपत असणार. जानेवारी १९८६मध्ये 'बिग वर्ल्ड' त्याने न्यूयॉर्कच्या राउंडअबाउट थिएटरमध्ये प्रेक्षकांसमोर, थेट दोन ट्रॅकवर (डावा आणि उजवा) डिजिटल ध्वनिमुद्रित केला. नंतर काही जोडणं नाही, तोल बदलणं नाही. प्रेक्षकांना गाणं पूर्ण संपेपर्यंत गप्प बसायला सांगितलेलं. म्हणजे ते मागचे माइक ओढण्याचं लफडंच मिटलं.

पडदा_वर:
आवाजाचं झालं, चित्राचं कोण बोलणार? याच माणसाने १९८४मध्ये 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकात म्युझिक व्हिडिओंविरुद्ध लेख लिहिला आणि व्हिडिओ करणं थांबवलं. मैफल टीव्हीवर चालते मग? माझ्या मते चालते, पण थेट प्रक्षेपणात दिग्दर्शक गाणाऱ्याच्या तोंडामागे धावतो, आणि या संचात बघण्यासारखे हात तालवाद्यांवर आहेत. एक कॅमेरा कायम हाजोपुलोसवर रोखून ठेवावा, बाकीच्यांनी खुशाल पियानोभोवती फिरावं.

उलटा_ठेका:
आणि कीबोर्डवर एकही नको. 😄