मायानगरी म्हणजे नेमकी कुठली माया?

खडीसाखर: एका माहितीपटाची इंग्रजी सबटायटलं करतेय. त्यात टॅक्सीवाला म्हणतो, "मायानगरी आहे बाबा ही, हिची माया सुटत नाही." पहिली माया भ्रमाची, दुसरी जीव लागण्याची, की दोन्ही एकच? एका शब्दात बसतच नाहीये, सुचवा ना काहीतरी.

टकमक: मुळात मायानगरी आपलं नाहीच, हिंदी चॅनेलवाल्यांनी आणलेलं. आपण मोहमयी म्हणायचो.

उंटावरचा: माया संस्कृत, नगरी संस्कृत, मग हिंदी कुठून आली मधेच? आणि तिसरी माया राहिली की, पैसा. "साहेबांनी बरीच माया जमवलीय" म्हणतात ती काय भ्रमाची असते?

जुनीविहीर: चौथी पण आहे. आमची आई ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला हमखास बजावायची, "आत दोन बोटं माया ठेवा हो", म्हणजे पुढेमागे अंग सुटलं तर उसवून सैल करता यावा. मला लहानपणी वाटायचं ती त्याला प्रेमाने शिवायला सांगतेय :)

उंटावरचा: भारी! मग मुंबई याच अर्थाने मायानगरी. सात बेटांची, घट्ट व्हायला लागली की समुद्रात भराव टाकून सैल करायची, नरिमन पॉइंट तसाच तर आला.

चिमटा: मला तर मयासुरावरून वाटतं. मयसभेत दुर्योधन पाण्याला जमीन समजून धपकन आत. पावसाळ्यात हिंदमाताला जाऊन बघा.

टकमक: व्युत्पत्ती अशी वाटण्यावर चालत नाही.

जुनीविहीर: पुण्याचं घ्या, विद्येचं माहेरघर. माहेरी लेक चार दिवस येते, नांदते सासरी. आमच्या सोसायटीतली सगळी विद्या अमेरिकेत नांदतेय.

टकमक: माहेरघर म्हणजे मूळ ठिकाण. उगाच शब्दाची चेष्टा नको.

चिमटा: त्यालाच पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणतात ना? ऑक्सफर्ड म्हणजे बैल नदी ओलांडायचे तो उतार. गंमत म्हणजे इस्तंबूलच्या बॉस्फरसचा ग्रीकमधला अर्थही तोच, बैलउतार!

उंटावरचा: उतार हा शब्दच गेला राव. गावाकडे "नदीला उतार आहे का" विचारायचे. परवा भाच्याला सांगितलं तर म्हणतो, कुणाला ताप आलाय?

खडीसाखर: अहो बैल पोचले पलीकडे, माझा टॅक्सीवाला अलीकडेच उभा आहे. फाईल उद्या सकाळी द्यायचीय.

टकमक: टॅक्सीवाला मूळचा कुठला? उत्तरेकडचा असेल तर माझा मुद्दा सिद्ध.