मदत हवी आहे: आजोबा, वल्हं आणि नसलेली होडी – फोटोतून गोष्ट कशी सांगू?

नमस्कार मंडळी,

आजोबांचं पोर्ट्रेट काढतेय. त्यांनी उभं आयुष्य होडी वल्हवली. होडी आता विकली, वल्हं मात्र कुणाला दिलं नाही. ढगाळ संध्याकाळ, नदीचा काठ, हातात वल्हं, आणि होडी नाही हे बघणाऱ्याला आपोआप कळावं, असा फोटो हवाय. पण बघणारे विचारतात, "निघाले वाटतं होडी घेऊन?"

माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि दोन लेन्स आहेत. ८५ एमएमने एफ/१.८ वर (लेन्सचं छिद्र मोठं उघडून) चेहरा फार सुरेख येतो, सुरकुती न् सुरकुती दिसते, पण मागची नदी नुसती राखाडी होऊन जाते आणि वल्ह्याची काठी होते. एफ/८ ला (छिद्र लहान केलं की) होडी बांधायचा रिकामा खुंटा ओळखू येतो, पण त्या उजेडात १/१२५ सेकंद शटर ठेवायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर न्यावा लागतो आणि फोटो दाणेदार होतो. ३५ एमएमने काठ, पाणी, खुंटा सगळं मिळतं, मात्र आजोबा लहान होतात, आणि जवळ गेलं की नाक मोठं दिसतं.

उजेडाचं त्याहून अवघड आहे. ढगाळ हवेत तो वरून येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत अंधार. खालून पांढरा रिफ्लेक्टर धरला तर डोळे उजळतात, पण सगळा भावच निघून जातो. एका बाजूला काळं कापड धरलं, तर तिकडचा गाल गडद होऊन चेहऱ्याला छान खोली आली. ते मी ठेवणारच आहे. डोळ्यांचं काय करू?

रंगासाठी व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा उबदार-थंड तोल) ४००० केल्विनवर ठेवला. नदी हवी तशी निळसर झाली, पण त्वचाही निळी पडून आजोबा आजारी दिसायला लागले. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) आहेत, तेव्हा नंतर संगणकावर फक्त त्वचा निवडून (मास्क करून) वेगळी उबदार करता येईल, पण ते चिकटवल्यासारखं दिसेल का? हातात कंदील द्या, असं एकाने सुचवलं. मला नकोय, या गोष्टीत कंदिलाचं काही कामच नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. वल्ह्याच्या दांड्यावर झिजून एक खोलगट जागा झालीय आणि वल्हं हातात घेतलं की आजोबांचा अंगठा बरोब्बर तिथेच बसतो. मग फोकस हातावर ठेवून चेहरा थोडा धूसर जाऊ द्यावा का? की त्यांना पाण्याकडे पाठ करून उभं करू, म्हणजे "निघाले" असं वाटणार नाही?

आजोबा बिचारे दिसायला नकोत, ही माझी खरी काळजी आहे. ते ताठ उभे राहतात, तसेच यायला हवेत.

पुन्हा आभाळ भरून आलं की लगेच काढायचाय. सेटिंगपेक्षा त्यांना कुठे आणि कसं उभं करावं हे सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.