पायी चालत गेलो आणि वरच्या अंगाला हेलिकॉप्टर उतरलं: नदीवर आधी हक्क कुणाचा?

डोहकाठ

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहणारे आणि ट्राउट माशासाठी डोंगरात जाणारे इथे काही जण आहेत, म्हणून इथेच विचारतो. नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कृपया अंदाजही बांधू नका.

गेल्या हंगामात मी आणि माझा मेहुणा एका आतल्या खोऱ्यात गेलो. रस्ता संपतो तिथून पुढे बीच नावाच्या झाडांचं जंगल, ओली मुळं, दोनदा नदी ओलांडायची, पाठीवर सगळं सामान. हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीवर, पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तिथल्या वहीत नावं लिहिली, तारीख टाकली आणि ‘उद्या हटपासून वर, डावीकडचा मोठा ओढा मिळतो तिथपर्यंत’ असंही लिहिलं. दुसऱ्या कुणाची नोंद नव्हती.

सकाळी ऊन पात्रात उतरेपर्यंत थांबलो, कारण ऊन नसेल तर मासा दिसत नाही. पहिल्याच लांब धारेत काठाजवळ एक मोठा तपकिरी ट्राउट डुलत उभा होता. मेहुण्याने फ्लाय (गळाला बांधलेली खोटी माशी) टाकली. मासा वर आला, जवळून बघितलं आणि पुन्हा खाली गेला. दुसरी फ्लाय बांधत होतो तेवढ्यात हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून गेलं आणि वरच्या वळणापलीकडे उतरलं. आम्ही भराभर चालत पोचलो तर दोघे गळवाले आणि त्यांचा गाइड प्रवाहाच्या वर निघालेले. मी हाक मारली. गाइड म्हणाला, ‘नदी सगळ्यांची आहे, खालचं पाणी तुम्ही घ्या, वरचं आम्ही घेतो.’ मी वहीतल्या नोंदीचं सांगितलं. तो म्हणाला, ‘वही हटमध्ये असते, ती मला वरून कशी दिसणार?’ आवाज चढले. मेहुण्याने मला दंडाला धरून मागे आणलं. त्यांच्या मागून गेलो तर दिवसभर एकही मासा उघड्यावर दिसला नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. आधी कोण आलं, हे कशावर ठरतं? खोऱ्यात पोचण्यावर, वहीतल्या नोंदीवर, की पाण्यात पहिलं पाऊल टाकण्यावर?

दुसरी गोष्ट. परत आल्यावर मेहुण्याच्या मित्राने आमच्या फोटोतली डोंगराची कड ओळखली आणि नदीचं नाव हजारो लोकांच्या एका गटात टाकलं. त्यावरून आता घरातही ताण आहे.

भटकी

कायद्याच्या बाजूने तुमच्या हातात फार काही नाही. मासेमारीचा परवाना त्यांच्याकडे होता, तुमच्याकडेही होता, आणि पायी आलेल्याला जास्तीचा हक्क कुठल्याही नियमात लिहिलेला नाही.

एक मात्र तपासता येतं. संवर्धन खात्याच्या जमिनीवर पैसे घेऊन प्रवासी उतरवायचे तर हेलिकॉप्टर कंपनीला खात्याची परवानगी लागते. ‘विल्डरनेस एरिया’ म्हणून जाहीर झालेल्या भागांत तर हट नाहीत, पायवाटा नाहीत आणि हेलिकॉप्टरने असं प्रवासी आणून सोडणंही नाही. काहुरांगी राष्ट्रीय उद्यानातला टास्मान विल्डरनेस एरिया तसा आहे. ज्यांना पंख्याचा आवाज नको असेल त्यांनी असे भाग निवडावेत. चालणं मात्र खरोखर कठीण आहे, वाट आपली आपण शोधावी लागते.

उगमाकडे

डोहकाठ, तुमचा राग मला पूर्ण कळतो. पण हक्काच्या बाजूने गेलात तर उत्तर सापडणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या देशातला ट्राउट इथला नाही. तपकिरी ट्राउटची अंडी १८६७ साली टास्मानियातून आली, आणि इंद्रधनुषी ट्राउट १८८३ साली कॅलिफोर्नियातून. ज्यांनी ते आणले त्यांच्या मूळ मुलखात चांगल्या नद्या जमीनदारांच्या ताब्यात होत्या आणि सामान्य माणसाला काठावर उभं राहायलाही परवानगी लागायची. ते इथे होऊ द्यायचं नाही, ही भावना इथल्या नियमांत मुरलेली आहे. १९८७ च्या संवर्धन कायद्यानुसार मासेमारीचा हक्क विकता येत नाही. शेतकरी आपल्या कुरणातून जाऊ देणार नाही असं म्हणू शकतो, पण नदीतल्या माशासाठी पैसे मागू शकत नाही. गाइडसुद्धा आपलं ज्ञान आणि वेळ विकतो, पाणी विकत नाही. म्हणून ‘नदी सगळ्यांची’ हे त्याचं वाक्य खरंच आहे. ते अपुरं आहे, एवढंच.

ते अपुरं का, हे माशाकडे बघितलं की कळतं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, वाहत येणारं खाणं टिपत. म्हणून आपण खालून वर जातो, त्याच्या पाठीमागून. आतल्या नद्यांचं पाणी इतकं नितळ असतं की दीड पुरुष खोलीवरचा गोटाही मोजता येतो, आणि मासाही आपल्याला तितकाच स्वच्छ बघतो. कुणी काठाने चालत गेलं, सावली पडली, गोटे वाजले, की तो खडकाच्या कपारीत शिरतो आणि कित्येक तास बाहेर येत नाही. नेल्सनच्या कॉथ्रन संस्थेतल्या संशोधकांनी आतल्या नद्यांमधले तपकिरी ट्राउट प्रत्यक्ष पाहून २००४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच आहे: गळवाले येऊन गेले की मासे दडतात आणि गळाला लागणं कमी होतं. तुम्हाला दिवसभर मासा दिसला नाही त्याचं कारण हेच. मासे तिथेच होते.

म्हणजे भांडण नदीवरून नाही. भांडण आहे आज सकाळपासून कुणीही न चाललेल्या पाण्यावरून. ते पाणी रोज मोजकंच असतं आणि एकदा वापरलं की त्या दिवसापुरतं संपतं. मोठ्या, गढूळ, खालच्या नदीवर दहा जण शेजारी उभे राहिले तरी कुणाचं बिघडत नाही. उगमाकडच्या नदीवर दोन जोड्या म्हणजे गर्दी.

यातूनच इथल्या जुन्या गळवाल्यांची रीत तयार झाली आहे. जो आधी पाण्यावर आला, त्याच्या वरचं पाणी त्या दिवशी त्याचं. मागून येणाऱ्याने त्याला ओलांडून पुढे जायचं नाही. एक तर त्याच्या बरंच खाली थांबायचं, किंवा दुसरा फाटा धरायचा, किंवा त्याच्याजवळ जाऊन विचारायचं. रस्त्याच्या टोकाला गाडी लावली तर काचेमागे चिठ्ठी ठेवायची: किती जण, कुठून सुरुवात, कुठल्या दिशेने, कधी परत. उशिरा आलेला माणूस ती वाचून दुसऱ्या पुलाकडे निघून जातो. पायी, गाडीने की हवेतून, हे रीतीला महत्त्वाचं नाही. तुम्ही पाण्यात होता आणि ते तुमच्या पुढे उतरले, म्हणून चूक त्यांची. तुम्ही घाम गाळला हे कारण मात्र पुढे करू नका. ज्याचे गुडघे गेले आहेत असा सत्तरीचा माणूस हेलिकॉप्टरनेच येणार, आणि त्याचंही त्या पाण्यावर तितकंच प्रेम असतं.

आता करायचं काय, तर निघण्याआधी त्या भागात उडणाऱ्या हेलिकॉप्टर कंपन्यांना फोन करा. ‘अमुक तारखांना आम्ही चालत अमुक खोऱ्यात आहोत, तुमचं कुणी आहे का?’ बहुतेक जण सरळ सांगतात, कारण वैमानिकालाही आपल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या मागे उतरवायचं नसतं. सकाळी पाण्यावर जाताना एखादं भगवं किंवा पिवळं कापड गोट्यांवर दगड ठेवून पसरा. चांगला वैमानिक उतरण्याआधी खोऱ्यावरून एक फेरी मारतो, तंबू किंवा माणसं दिसली तर दुसरीकडे वळतो. त्याला दिसेल असं काहीतरी आपण ठेवायला हवं.

आणि समोरासमोर गाठ पडलीच, तर ‘आम्ही आधी आलो’ इथून सुरुवात करू नका. ‘तुम्ही कुठपर्यंत जाणार?’ असं विचारा. डावीकडच्या मोठ्या ओढ्याचा उल्लेख तुम्ही वहीत केलाच होता. ‘ओढ्यापर्यंत आम्ही, ओढ्याच्या वर तुम्ही, आणि तिथवर पात्र सोडून झाडीतून जा’ एवढं मान्य झालं असतं तरी दोघांचाही दिवस सत्कारणी लागला असता. झाडीतून जाणं यात सगळ्यात महत्त्वाचं. पुढे गेलेला माणूस काठ सोडून चालला तर मागच्याचे मासे जागचे हलत नाहीत.

बीचच्या झाडांना भरपूर बी धरतं त्या वर्षी जास्तच जपावं लागतं. बियांवर उंदीर वाढतात, रात्री ते नदी पोहून जाताना ट्राउट त्यांना गिळतो आणि पुढच्या काही महिन्यांत दहा पौंडांपलीकडचे मासे दिसू लागतात. अशी बातमी पसरली की एरवी निर्जन असलेल्या खोऱ्यातही रांग लागते, आणि भांडणंही त्याच हंगामात वाढतात.

वाटाड्या

मी गाइडच्या हाताखाली काम केलंय, म्हणून ती बाजूही मांडतो. तुमच्या बाबतीत जे झालं ते मला पटलेलं नाही. खाली माणसं दिसली तर वळायचं, हेच मला शिकवलं गेलं.

पण वहीबद्दल बोलायला हवं. ‘हटपासून उगमापर्यंत, सोमवार ते शुक्रवार’ अशी नोंद करून लोक अख्खं खोरं आठवडाभर अडवून बसतात. मंगळवारी कुणी आलं की तीच नोंद दाखवतात. ती रीत नाही. दोन माणसं जपून चालली तर दिवसाला पाच-सहा किलोमीटर पाणी पुरे होतं. तेवढं सांगा, बाकीचं मोकळं ठेवा.

शिवाय गाइडबरोबर आलेला माणूस बहुतेक वेळा प्रत्येक मासा परत सोडतो. न्यूझीलंडच्या नद्या जगभर माहीत झाल्या त्यात अशा पाहुण्यांचाही वाटा आहे.

उगमाकडे

वाटाड्या, वहीबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. रीत एका दिवसाची आहे. संध्याकाळी हटमध्ये दोन गट असतील तर दिव्यापाशी बसून नकाशा उघडावा आणि दुसऱ्या दिवसाचं पाणी वाटून घ्यावं. मी असं अनोळखी माणसांबरोबर केलेलं आहे, आणि त्यातले काही आता मित्र आहेत.

पाहुण्यांबद्दल थोडी भर. गर्दी इतकी वाढली की काही नद्यांसाठी वेगळा परवाना करावा लागला. २०२३-२४ च्या हंगामापासून ‘डेझिग्नेटेड वॉटर्स’ अशी यादी आहे. तिथे परदेशातून आलेल्यांना दिवसावारी परवाना काढावा लागतो आणि तोही मर्यादित दिवसांचा. ग्रीनस्टोन नदीच्या वरच्या भागात तर ठरावीक काळात पाण्याचे टप्पे पाडलेत, आधी नोंदणी करून आपला टप्पा घ्यायचा. तिथे भांडण होत नाही, कारण कागद ठरवतो.

तरी ही पद्धत सगळीकडे यावी असं मला वाटत नाही. डोंगरात पाऊस पडला की नदी काही तासांत चढते. आज या खोऱ्यात जायचं की शेजारच्या, हे त्या सकाळचं आभाळ बघून ठरवावं लागतं. नोंदणी केलेला माणूस चढत्या पाण्यातही जातो, कारण त्याची तारीख तीच असते. मला ते धोक्याचं वाटतं. आपण एकमेकांशी बोलून पाणी वाटून घेतलं नाही, तर मात्र हळूहळू सगळ्या नद्या नोंदणीखाली जातील.

आता नावाचा प्रश्न, डोहकाठ. नदी सार्वजनिक आहे, नकाशात आहे, तेव्हा ती लपवण्याचा हक्क मलाही नाही. कुणी समोर बसून विचारलं, त्याची चालायची तयारी दिसली, तर मी नाव सांगतो, वाटही सांगतो. हजारो अनोळखी लोकांसमोर मात्र सांगत नाही. एका छोट्या नदीच्या किलोमीटरभर पाण्यात मोठे मासे मूठभरच असतात, आणि त्यांना तिथवर वाढायला वर्षं लागलेली असतात. पाच शनिवार लागोपाठ माणसं गेली की ते दिवसा बाहेर येईनासे होतात. मोठ्या नदीचं नाव छापा, ती सोसते. लहान नदीचं नाव तोंडानेच द्यावं. फोटोत मासा, हात आणि गोटे असू द्यात, मागची डोंगराची कड नको.

डोहकाठ

सगळ्यांचे आभार. ‘कुठपर्यंत जाणार’ हा प्रश्न त्या वेळी दोन्हीकडून कुणीच विचारला नाही, हे वाचताना लक्षात आलं. मेहुण्याला हा धागा दाखवला. त्याच्या मित्राशी तो स्वतः बोलला आणि ती पोस्ट आज काढली गेली. ज्यांनी तोवर वाचलं त्यांचं काही करता येणार नाही.

एक शंका. फोन केल्यावर कंपनीने ‘हो, आमचे लोक त्याच दिवशी तिथे आहेत’ असं सांगितलं तर? आम्ही रजा आधीच काढलेली असते.

उगमाकडे

तर कुठे उतरणार ते विचारा. ते हटच्या वर उतरणार असतील तर तुम्ही हटच्या खालचं पाणी ठरवा, आणि ते त्यांनाही सांगून ठेवा. त्याच खोऱ्यातले बाजूचे फाटेही बघा. हेलिकॉप्टरला उतरायला मोकळी गोट्यांची जागा लागते, अरुंद फाट्यात ती नसते. पायी येणाऱ्याचा खरा फायदा तिथे आहे. आणि दुसऱ्या नदीवरून येत असाल तर बूट, वेडर्स (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी) सगळं धुऊन पूर्ण वाळवून न्या. २००४ मध्ये साउथलंडच्या वायाऊ नदीत डिडिमो हे ओल्या सामानातून पसरणारं शेवाळ सापडलं आणि तिथून किती नद्यांत गेलं ते आपण बघतोच आहोत.

भटकी

वहीत परतीचा दिवसही लिहीत जा. कुणी वेळेवर बाहेर आलं नाही तर शोधपथक आधी ती वही उघडतं. आणि बेत बदलला, दुसऱ्या फाट्यात शिरायचं ठरलं, तर निघण्याआधी नोंद दुरुस्त करा, नाहीतर ते तुम्हाला चुकीच्या ओढ्यात शोधत बसतील.