शब्दचर्चा : ‘इंट्रो घेणे’ याला मराठीत काय म्हणायचं?

ओसरी
पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवते आणि मुलांच्या नाट्यसंघाचं काम बघते. एफवायची नवी मुलं संघात येतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात पडेल असं एक पानी नियमपत्रक मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘संघात रॅगिंग चालणार नाही’ असं लिहिलं, तर टीवायची मुलं म्हणाली, “मॅडम, आपल्याकडे रॅगिंग कुठंय? ते होस्टेलला असतं. आपण फक्त इंट्रो घेतो, नव्यांची ओळख.” खोटं बोलत नव्हती ती. त्यांना खरंच तसं वाटतं.

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या संघटनांमध्ये नव्या सभासदाला आत घेताना जे जे सोसायला लावतात त्याला ‘हेझिंग’ म्हणतात. तो शब्द इथल्या मुलांनी ऐकलेला नाही. मला असा मराठी शब्द हवाय, की तो वाचल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे आपलाच तालमीचा हॉल येईल.

पानटीप
रॅगिंगच ठेवा. शब्द रुळलाय, कायद्यात आहे, रोजच्या वर्तमानपत्रात आहे. इंग्लंडमधल्या विद्यापीठांत पोरांच्या धिंगाण्याला ‘रॅग’ म्हणत, तिथून तो आपल्याकडे आला. ‘हेझ’ जहाजावरचा : खलाशाला शिक्षा म्हणून विनाकारण राबवत ठेवणं. रुळलेला शब्द असताना नवा कशाला?

आडवाट
पण रुळताना त्याचं एक झालं. ‘रॅगिंग’ म्हटलं की मराठी कानाला ‘रग’ ऐकू येते. व्युत्पत्तीने दोघांचा काडीचा संबंध नाही, तरी ‘नव्यांची रग जिरवायची’ हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी वसतिगृहात राहत असताना कितीदा तरी ऐकलंय. रग जिरवणे, मस्ती उतरवणे, खोड मोडणे. या सगळ्या वाक्प्रचारांत समोरच्याच्या अंगात आधीच काहीतरी वाईट आहे असं धरून चाललेलं असतं. अठरा वर्षांचं पोर पहिल्यांदा हॉलच्या दारात उभं आहे, चप्पल कुठे काढायची तेही त्याला कळत नाहीये. त्याच्यात कसली रग?

माझं मत ‘छळ’ला. संस्कृतात छल म्हणजे कपट, फसवणूक. हिंदीत आजही तोच अर्थ. मराठीत शब्द त्रासाकडे सरकला, तरी ‘छळकपट’ म्हणताना जुनी सोबत टिकून आहे. इथे दोन्ही अर्थ लागतात. त्रास तर असतोच, शिवाय ‘ही तुझी ऑडिशन आहे’ असं खोटं सांगून तो दिलेला असतो. ‘जाच’ही चांगला शब्द, पण जाच म्हटलं की सासर आठवतं.

विंगेतून
आठवू दे की सासर, आडवाट. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ याच हिशेबावर हे सगळं चालतं. पहिल्या वर्षी सोसायचं, कारण तिसऱ्या वर्षी आपली पाळी येणार असते.

मी नऊ वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका संघात होते. नाव लिहीत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी चालू होत्या. (पुण्याबाहेरच्यांसाठी : ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, 1963 पासूनची. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी ऐकून अजून माझ्या अंगावर काटा येतो.) स्पर्धेचा यात काही दोष नाही. जे झालं ते आमच्या हॉलमध्ये झालं आणि आम्ही केलं.

मराठवाड्यातून आलेला एक मुलगा होता. आवाज असा, की माइकशिवाय शेवटच्या रांगेला पोचेल. ‘ण’चा मात्र ‘न’ व्हायचा. पहिल्या दिवशी त्याला खुर्चीवर उभं केलं आणि वाक्य दिलं, ‘कोणी पाणी आणून देणार आहे का?’ तो म्हणाला, ‘कोनी पानी आनून देनार आहे का?’ हॉल हसला. मीही हसले. मग ती रीतच पडली. कुणाला तहान लागली की त्याला हाक. त्याने ते वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांचं हसून झालं की खालच्या मजल्यावरच्या कूलरवरून बाटली भरून आणायची. आम्ही म्हणायचो, ‘तुझे उच्चार काढून घेतोय.’ त्याच्या भूमिकेत पाण्याचं वाक्यच नव्हतं.

दोन आठवड्यांनी तो कुणी हाक मारायच्या आधीच भरलेली बाटली आणून ठेवायला लागला. ते वाक्य म्हणावं लागू नये म्हणून. आम्हाला वाटलं, पोरगा रुळला. ऑगस्टमध्ये तो यायचाच बंद झाला.

आता शब्दाचं. ओसरी मॅडम, तुमच्या मुलांच्या वाक्यातलं क्रियापद बघा : इंट्रो ‘घेतो’. हजेरी घेतात, झडती घेतात, फिरकी घेतात, एखाद्याची शाळा घेतात. घेणारा वर आणि ज्याची घेतात तो खाली. ओळख मात्र होते. ‘आमची ओळख झाली’ या वाक्यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. त्या मुलाला आम्हा अकरा जणांची पूर्ण नावं गावांसकट पाठ करायला लावली होती. त्याचं गाव कोणतं, हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. म्हणून मला वाटतं, नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापद बदला.

टिपरू
मी पाच वर्षं ढोल पथकात वाजवतोय, सराव नदीपात्रात. आमच्याकडचा शब्द ‘तयार करणे’. ‘पोराला तयार करतोय.’ आणि त्याच्या जोडीला ठरलेली म्हण : टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

ढोल कमरेला बांधून तासन् तास वाजवायचं म्हणजे कंबर भरून येते, हाताला फोड येतात. ते सगळ्यांनाच येतात, त्याला मी छळ म्हणणार नाही. पण नवा मुलगा उशिरा आला तर ढोल बांधून फेऱ्या, आणि जुना उशिरा आला तर ‘दादा, चहा घेणार?’ हे चालायचं. आमच्या ताईने एका बैठकीत सांगितलं, जी शिक्षा जुन्यांना नाही ती नव्यांनाही नाही. फेऱ्या त्याच आठवड्यात बंद पडल्या. पाथरवट टाकी मारतो तेव्हा त्याच्या डोक्यात मूर्ती असते. आम्ही फेऱ्या मारायला लावायचो तेव्हा आमच्या डोक्यात काय होतं, हे मी आजवर स्वतःला विचारतोय.

आडवाट
‘तावून सुलाखून घेणे’ त्याच घरातलं. तावणं म्हणजे तापवणं, सुलाख म्हणजे टोचायची बारीक सळई. सोन्याचा कस बघायची भाषा माणसाला लावली, की समोरच्याला दुखतं हे दिसेनासं होतं.

पानटीप
माझं पहिलं उत्तर अर्धं मागे घेतो. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा पुन्हा काढून वाचला. त्यातली व्याख्या होस्टेलपुरती नाहीच. विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं, चिडवणं, धमकावणं आणि एरवी त्याने आपणहून जे केलं नसतं ते करायला लावणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. केली नाही, तर त्या कृत्याला त्याचीच फूस होती असं धरतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांत ‘नवा किंवा इतर कोणताही विद्यार्थी’ असे शब्द आहेत. 2016 मध्ये त्यात भर पडली : जात, धर्म, लिंग यांच्याबरोबर प्रदेश, भाषिक ओळख, आर्थिक स्थिती यांवरून दिलेला त्रासही रॅगिंग. विंगेतून यांचं पाण्याचं वाक्य थेट त्यात बसतं. त्याच कलमात ‘वगळणं’ही आहे. त्याला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. गावाने कुटुंबाला वाळीत टाकलं तर आपण हळहळतो. एकट्याला सोडून तालमीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तर त्यालाही तोच शब्द वापरायला हवा.

आणखी एक. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत हेझिंगविरुद्ध देशभरासाठी कायदा झाला. त्यातल्या विद्यार्थी संघटनेच्या व्याख्येत क्लब, खेळाचा संघ, बँड असं सगळं आहे, म्हणजे टिपरूंचं पथक तिथल्या एखाद्या कॉलेजातलं असतं तर त्यात आलं असतं. आणि ज्याच्यावर गुदरलं तो राजी होता की नव्हता, याने तिथे काही फरक पडत नाही. आपल्या व्याख्येत मात्र ‘आपणहून’ हा शब्द आहे आणि त्यावर पळवाट काढतात : ‘तो तयार होता.’ भूमिका हवी असलेला एफवायचा मुलगा कशाला तयार नसतो?

विंगेतून
तो ‘हो’ म्हणाला होता. प्रत्येक वेळी.

ओसरी
रात्री सगळं पुन्हा वाचलं. सकाळी हा खर्डा झाला :

‘या संघात कुणी कुणाचा इंट्रो घेणार नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांची ओळख होईल आणि टीवाय आधी बोलतील. जे नव्यांना सांगाल ते आधी स्वतः करा. पाणी ज्याचं त्याने आणायचं. उच्चारांची तालीम दिग्दर्शक घेईल, संहितेतल्या वाक्यांवर घेईल आणि सगळ्यांची घेईल. ‘नको’ म्हटल्याने कुणाची भूमिका जाणार नाही, कुणाला वाळीत टाकलं जाणार नाही. याविरुद्ध जे होईल तो छळ. कायदा त्याला रॅगिंग म्हणतो.’

खाली माझा नंबर आणि 1800-180-5522 ही देशभरची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन. ‘इंट्रो’ मुद्दाम ठेवलाय, मुलांना आपला हॉल दिसावा म्हणून. ‘तालीम घेईल’मधलं ‘घेणं’ मला खटकलं नाही, कारण ती सगळ्यांची आहे. चुकत असेन तर सांगा.

एक शब्द अजून अडतोय. ‘टीवाय’ लिहिलं की एसवायची मुलं सुटतात. ‘सिनियर’ लिहिलं की लगेच पायरी येते. ‘ज्येष्ठ’ तर वीस वर्षांच्या मुलाला लावायचा शब्दच नाही.

आडवाट
‘आधी आलेले’ म्हणा. बाकी फरक तो काय आहे त्यांच्यात?

ओसरी
‘आधी आलेले आधी बोलतील.’ घेतलं. उद्या मुलांसमोर मोठ्याने वाचते. कुठे अडखळतात ते कळवीन.