एप्रिल संपता संपता तुमच्या शाळेत काय चालतं? शिक्षकांनो, लिहा

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे, पहिली ते चौथी, पट १९. दरवर्षी १ मे जवळ आला की नातेवाईक म्हणतात 'मज्जा आहे बाई तुझी, आता दीड महिना सुट्टी', आणि मला काय बोलावं ते सुचत नाही, कारण त्या दिवसांत डोक्यात काय काय चाललेलं असतं ते शाळेबाहेरच्या माणसाला सांगायला बसलं तर तास जाईल. म्हणून इथे विचारतेय. मार्च-एप्रिलमधे तुमच्याकडे नेमकं काय घडतं? सगळ्यांनी लिहा, मोठं झालं तरी चालेल.

सुरुवात मी करते. १९ पोरांचे पेपर तपासायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो वर्णनात्मक नोंदींत. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने, आणि ते प्रत्येक मुलाचे भरायचे. तयार नोंदींची पुस्तकं दुकानात मिळतात, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात, मी पण पहिली दोन-तीन वर्षं त्यातूनच उतरवलं. मग एका निकालाच्या दिवशी एक आई प्रगतीपुस्तक घेऊन परत आली, म्हणाली बाई मला वाचता येत नाही, काय लिवलंय तेवढं सांगा. मी वाचलं, 'सुंदर चित्रे रेखाटतो'. ती म्हणाली, 'ह्यो कुठं चित्रं काढतो? ह्यो दिसभर म्हशींमागं. पर आंधारात नुसत्या आवाजावरनं सांगतो कुणाची म्हस हाय ती.' मी वर्षभर त्या पोराला शिकवत होते आणि मला हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तयार नोंद एकही उतरवलेली नाही, रात्री बारा वाजले तरी चालतील.

दुसरं म्हणजे चौथीचे दाखले. आमची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला मुलं खालच्या गावात जातात. जनरल रजिस्टर काढायचं, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, खाडाखोड चालत नाही. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पुढील शिक्षणासाठी. यंदा पाच दाखले आहेत. त्यातला एक मी अजून लिहिलेला नाहीये, त्याचं नंतर सांगते.

बीड जिल्हा, प्राथमिक शिक्षक

मॅडम, छान विषय काढलात. आमच्याकडं शाळेचं वर्ष दोनदा चालू होतं. एकदा जूनमधे आणि एकदा साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि घरी सांभाळायला म्हातारं माणूस नसलं की पोरं पण संगं जातात, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. आम्ही दिवाळीच्या आधी घरोघर फिरतो, आज्जी-आजोबांना विनवतो की पोरगं ठेवा, हंगामी वसतिगृह आहे, जेवणाची सोय होईल. काही थांबतात. जे जातात त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडच्या शाळेत दाखवा म्हणून. तिकडं कोपी म्हणजे राहायची झोपडी उसाच्या फडात आणि शाळा चार किलोमीटरवर, कार्ड ट्रंकेत राहतं.

मग मार्चच्या शेवटी ट्रॅक्टर परत यायला लागतात आणि वर्ग एकदम भरतो. तोंडावर परीक्षा. चार-पाच महिने पाटी न धरलेलं पोरगं आणि मला त्याची संकलित चाचणी घ्यायचीय!

तिसरीतला एक मुलगा असाच आला, बोटांना पाचटानं चिरा पडलेल्या. गुणाकाराची लेखी उदाहरणं कोरी सोडली. मी जवळ बसलो, म्हणलं वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) पेंढी केवढ्याला विकायचास रे? त्यानं भाव सांगितला. म्हणलं मग पंधरा पेंढ्या गेल्या तर? माझं वाक्य संपायच्या आत उत्तर. तीस? तेही बरोबर. अठ्ठावीस? थोडं थांबला, तिसाचे धरून दोन पेंढ्यांचे वजा केले आणि सांगितलं. हे त्याला मी शिकवलेलं नाही. त्याची तोंडी परीक्षा मी अशीच घेतली आणि नोंदीत तसंच लिहिलं, वाढे आणि पेंढ्या ह्या शब्दांसकट. कुणी वरून विचारलं तर सांगेन की मूल्यमापन हेच असतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मधे आलं तेव्हा ट्रेनिंगमधे आम्हाला हेच सांगितलं होतं, मूल जिथं आहे तिथून बघा, आणि मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

एप्रिलभर दुपारी ह्या परत आलेल्या पोरांना घेऊन बसतो. ऊन फार असतं, पत्र्याची खोली, पण झाडाखाली बसता येतं.

पुणे, खाजगी शाळा

मी थोडक्यात लिहिते. शाळेचं नाव लिहिणार नाही. माझी ऑर्डर दरवर्षी जून ते एप्रिल अशी निघते, मे महिन्याचा पगार नाही, आणि जूनमधे परत बोलावतील की नाही ते मे अखेरीला फोन आल्यावर कळतं. सात वर्षं असंच चाललंय. पैशाचं गणित मी बसवते, मे महिन्यात ट्यूशन घेते. पण शेवटच्या दिवशी मुली गळ्यात पडून विचारतात 'मिस, नेक्स्ट इयर पण तुम्हीच ना?' तेव्हा खोटं बोलवत नाही आणि खरं पण सांगवत नाही. मी त्यांना सांगते, सुट्टीत रोज एक पान वाचा आणि जूनमधे मला दाखवा. जूनमधे मी तिथे असले तर बघते. दोन वर्षांपूर्वी फोन उशिरा आला, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, गेले तेव्हा एक मुलगी दप्तरातून रोज ती वही आणत होती. आठ दिवस.

पुण्याच्या ताईंना, एका शिक्षिकेकडून

ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरची शिक्षिका होते, तेव्हा प्राथमिकला मानधन महिना ६००० होतं, २०२३ मधे ते १६००० झालं. तेव्हा वाटायचं की आपलं काम तेवढंच आणि मोल एवढंसं कसं. तुम्ही तर सात वर्षं काढलीत. तुमच्या त्या वहीवाल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

नाशिक, माध्यमिक, विज्ञान

आमचं टेन्शन वेगळं. दहावीचे बोर्डाचे पेपर तपासायला येतात तेव्हाच घरच्या शाळेत आठवी-नववीची परीक्षा असते. २०२५ मधे तर पहिली ते नववीचं वेळापत्रक राज्यभर एकच लागलं, शेवटचा पेपर २५ एप्रिल आणि निकाल १ मे, मधे रविवार धरून पाच दिवस. त्या पाच दिवसांत तपासणं, गुणपत्रक, श्रेणी, पोर्टलला भरणं, प्रगतीपुस्तकावर सह्या. माझी बायको पण शिक्षिका, आमच्या हॉलमधे दोन बाजूंना दोन गठ्ठे होते आणि मधून मुलगा पाय उचलून उचलून चालत होता.

बोर्डाच्या पेपरचं मात्र मी मनापासून सांगतो, त्यात घाई होऊच शकत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, गाव नसतं, फक्त अक्षर असतं. अक्षरावरून कळतं की पहिली दोन पानं ठरवून नीट लिहिलीत आणि मग वेळ कमी पडलाय. आकृतीला पेन्सिलीचं टोक तुटलेलं दिसतं. मी प्रश्नवार गुण तीनदा बेरीज करतो, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, एकदा सकाळी उठून. काठावर अडकलेला पेपर आला तर सगळा पुन्हा वाचतो, कुठे अर्ध्या गुणाचा हक्क राहून गेला नाही ना म्हणून. जास्त द्यायचा नाही, पण त्याचा आहे तो राहता कामा नये. एवढं करून निकालाच्या दिवशी मला कळतच नाही की त्या मुलांचं काय झालं, कारण ती मुलं कोण ते मला कधीच माहीत नव्हतं. तरी वेबसाइट उघडून बसतो. माझ्या शाळेचा निकाल बघून झाला तरी बसलेलाच असतो.

गडचिरोली

आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलं. रात्रभर मोह गळते आणि पहाटे पहाटे वेचावं लागते, ऊन चढलं की झालं. अख्खं घर टोपले घेऊन जंगलात, लेकरं पण. सकाळची शाळा सातची, आणि सातला माझ्या वर्गात सहा लेकरं. पहिल्या वर्षी मी लई चिडली होती, पालकांना बोलावून बोलली. मग एका आजीनं मला तिच्यासोबत नेलं. वाकून वाकून दीड तासात माझी कंबर गेली आणि टोपलं अर्धं पण नव्हतं भरलं, तिथं माझी चौथीतली पोरगी दोन टोपले भरून, वरून मला दाखवून राहिली होती की मॅडम, मळकं फूल घेऊ नका. त्या घराचा किराणा त्या फुलांवर आहे हे तेव्हा समजलं. आता मी हजेरी सातला घेते आणि नऊला परत घेते, आणि शिकवायचं महत्त्वाचं सगळं नऊनंतर. उशिरा आलेल्याला रागवत नाही, अंगाला मोहाचा वास घेऊन येतात, हात धुतात आणि बसतात.

मे मधे तेंदूपत्ता लागते. तोवर आमची सुट्टी. विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, त्यामुळं पटावरचं लेकरू पुन्हा शाळेत येईल का ह्याची काळजी पण आम्हाला जास्त दिवस पुरते.

गोवा, डिचोली, मराठी विषय

आमच्याकडे २०२५ पासून वेगळंच झालंय. सहावी ते दहावी आणि बारावीचं नवीन वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं. म्हणजे निकाल हातात पडला आणि लगेच तीच मुलं पुढच्या वर्गात समोर, मग मे महिन्याची सुट्टी, आणि जूनमधे पुन्हा. उन्हाचा त्रास होतो हे खरं, पालकांचा विरोधही झाला. पण मला एक गोष्ट आवडली ती सांगते. आधी सुट्टीत काय वाचाल असं मोघम सांगावं लागायचं. आता नव्या वर्गाचं पहिलं पुस्तक एप्रिलमधे हातात असतं, धडे थोडे झालेले असतात, मुलं सुट्टीत पुढचं आपणहून वाचून येतात, सगळी नाही, पण येतात.

लातूर जिल्हा, निवृत्त मुख्याध्यापक

वाचतोय सगळं. माझं थोडं जुन्या वळणाचं आहे.

मी २०२३ ला ३१ मे रोजी रिटायर झालो. आमच्या वयाच्या खेड्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आईबाप पोराला शाळेत घेऊन यायचे, तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून लिहायचे. माझीही तीच. पहिल्या तारखेचा जन्म म्हणून आदल्या दिवशी सेवा संपते, ५८ वर्षं पूर्ण. माझी आई सांगायची की मी पोळ्याच्या दोन दिवस आधी झालो. म्हणजे माझे तीन महिने त्या गुरुजींच्या टाकात राहिले. मला त्यांचा राग नाही, कारण नोकरीच्या सुरुवातीला मीही कित्येक पोरांची तारीख १ जून लिहिलीय. तेव्हा समोर बसलेली माय म्हणायची 'तुम्हीच लिवा गुरुजी, बरी बगून'.

शेवटचा महिना चार्ज देण्यात गेला. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन एकेक वस्तू मोजायची, जुळवायची, नव्या माणसाची सही घ्यायची. बाकं, फळे, पृथ्वीचा गोल, तराजू, पोषण आहाराची पातेली. एका ओळीवर गाडी अडली, 'घंटा, १ नग'. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, लिंबाच्या झाडाला टांगलेला. तारेनं फांदीत इतका खोल काप गेला होता की झाडानं ती तार गिळून टाकली होती, वरून साल आली होती. नवीन मुख्याध्यापक म्हणाले सर, ही काढून दाखवता येणार नाही. म्हणलं वाजवून दाखवतो. भर दुपारी, सुट्टीत, मी टोल दिले आणि पाच मिनिटांत गल्लीतली आठ-दहा पोरं फाटकाशी गोळा, गुरुजी शाळा भरली का? त्यातल्या दोघांच्या पायात चप्पल नव्हती, तसेच पळत आले होते. त्यांना आत घेतलं, सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि मग त्यांच्यासमोर सही झाली.

पाटणहून पुन्हा मी

गुरुजी, तुमचं दोनदा वाचलं. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी आज नोंदी बाजूला ठेवून वाचत बसलेय.

राहिलेल्या दाखल्याचं सांगते म्हणाले होते. तो मुलगा म्हणजे म्हशींच्या आवाजावाल्याचा धाकटा भाऊ. आज शाळा सुटल्यावर तो थांबला. आमच्याकडे पत्र्याच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं आहेत, दीडशेच्या आसपास, त्यातली बरीच त्याने वाचलीयत. म्हणाला, 'बाई, दाखला निगाला की माझं नाव पटावरनं जातंय का?' म्हटलं हो, जातं. म्हणाला, 'मग पुस्तक न्यायला मिळणार न्हाई?'

मी पुस्तक-वाटपाची वही काढली. त्यात इयत्तेनुसार पानं आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चौथीनंतर पान कोरं होतं. तिथे पट्टीने रेघ मारली, वर लिहिलं 'माजी विद्यार्थी', आणि अनुक्रमांक १ ला त्याचं नाव. त्याने लगेच दोन पुस्तकं घेतली. सही केली. मग बाहेर जाऊन परत आला आणि विचारलं की दादाला पण नेता येतील का, तो वाचत नाही पण मी वाचून दाखवीन. अनुक्रमांक २ ला दादाचं नाव लिहिलंय.

दाखला उद्या लिहीन.